चिपची वांटणी आणि मागाहूनची दुरुस्ती

एकत्र कुटुंबाची वांटणी ज्यांनीं पाहिली असेल त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. शेत किती एकर आहे हा प्रश्न सोपा. विहीर कोणाच्या वांट्याला जाते आणि पाट कोणाच्या बांधावरून वाहतो हा प्रश्न कठीण. जमीन मोजून सारखी करतां येते. पण ज्या वस्तु दोन्ही वांट्यांना लागतात त्यांच्यापायीं पुढें वर्षानुवर्षें तडजोड आणि तंटे चालू राहतात. म्हणून शहाणा पंच आधीं हें पाहतो कीं, बांध कोठें घातला असतां कमींत कमी गोष्टी त्याच्या आड येतील. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो संगणकाच्या चिपचा आहे. परंतु त्याच्या मुळाशीं हाच पंचाचा प्रश्न आहे. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न येतो, जो व्यवहारांत पहिल्याहूनहि जाचक ठरतो : एकदां चांगली वांटणी झाल्यावर घरांत एखादी खोली वाढली, चार माणसें नवीन आलीं, तर सारी वांटणी मोडून पुन्हां पहिल्यापासून करावयाची काय?

चिप म्हणजे सिलिकॉनचा, बहुधा नखाएवढा, पातळ तुकडा. त्यावर ट्रान्झिस्टर नांवाचे अतिसूक्ष्म विद्युत्-खटके घडविलेले असतात. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें ४००४ नांवाची चिप बाजारांत आणली, तींत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज एका चिपवर एक हजार कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर असणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. कांहीं ट्रान्झिस्टर मिळून एक लहानसें काम करणारा गट होतो. त्याला आपण 'घटक' म्हणूं. एका घटकाचा निरोप दुसऱ्याला पोंचविणारी धातूची तार असते; तिला 'जोडणी' म्हणूं. मात्र एक जोडणी दोनच घटकांना जोडते असें नाहीं. एकाच घटकाचा निरोप दहा ठिकाणीं जावयाचा असला, तर तीं दहाहि ठिकाणें एकाच जोडणीवर असतात. गांवच्या दवंडीसारखें तें आहे.

असा प्रचंड आराखडा एकसंध हाताळणें माणसालाहि शक्य नाहीं आणि संगणकालाहि सोयीचें नाहीं. म्हणून त्याचे भाग पाडावे लागतात. एक भाग एका तुकडीकडे, दुसरा दुसरीकडे. एक भाग चिपच्या या कोपऱ्यांत, दुसरा त्या कोपऱ्यांत. भाग सारख्या आकाराचे हवेत, नाहीं तर एकाची जागा अपुरी पडते आणि दुसऱ्याची वायां जाते. त्याचबरोबर, जी जोडणी एका भागांतून दुसऱ्या भागांत जाते तिची तार लांब होते. लांब तारेंत निरोपाला वेळ लागतो, वीज अधिक खर्च होते, आणि तारांना वाट मिळणें कठीण होतें. तेव्हां अट दुहेरी झाली : भाग सारखे असावे, आणि त्यांच्यामधून आरपार जाणाऱ्या जोडण्या कमींत कमी असाव्या. सारा विषय या एका वाक्यांत सांठविलेला आहे.

अशी वांटणी मुळांत शक्य तरी कां होते? याचें उत्तर एका निरीक्षणांत मिळतें. आय. बी. एम. कंपनींतील ई. एफ्. रेंट यांनीं १९६० सालीं असें टिपून ठेविलें कीं, आराखड्याच्या एखाद्या भागांत घटक जसजसे वाढतात तसतशीं त्या भागाच्या सीमेवरचीं टोकें वाढतात खरीं, पण त्याच प्रमाणांत वाढत नाहींत. चांगल्या आराखड्यांत घटक दसपट झाले तर टोकें साधारण चौपट होतात. याचा अर्थ असा कीं, माणसाच्या हातून घडलेल्या यंत्रांत ओळखीपाळखी बव्हंशीं शेजारपाजारींच असतात. जेथें शेजार आहे तेथें वांटणीला योग्य अशी शीव आहे. प्रश्न ती शोधण्याचा आहे.

हा शोध वाटतो तितका सोपा नाहीं. वीस घटकांचे दहा-दहांचे दोन भाग करावयाचे असले, तर ते ९२,३७८ प्रकारांनीं करतां येतात. चाळीस घटक घेतले तर प्रकारांची संख्या ६,८९२ कोटींच्या वर जाते. घटक दुप्पट झाले आणि प्रकार सात लक्षपटींहून अधिक वाढले. मग लाखों घटकांची गोष्ट बोलावयासच नको. सगळे प्रकार तपासून सर्वोत्तम निवडणें ही वाट बंद आहे. आणि हमखास सर्वोत्तम उत्तर झटपट देणारी दुसरी कोणतीहि रीत आजवर कोणाला सांपडलेली नाहीं. म्हणून गणिती लोकांनीं अशा रीति बसविल्या आहेत कीं, ज्या पुरेसें चांगलें उत्तर पुरेशा वेळांत देतात.

अशा रीतींपैकीं आद्य म्हणावी अशी रीत ब्रायन कर्निघन आणि शेन लिन या बेल प्रयोगशाळेंतील दोघांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केली. ती समजण्यासाठीं नागपूरचाच नकाशा डोळ्यांपुढें आणूं. रेल्वेच्या रुळांनीं शहराचे दोन भाग पडले आहेत; पश्चिमेस सीताबर्डी आणि धरमपेठ, पूर्वेस महाल आणि इतवारी. समजा, शहरांतील व्यापाऱ्यांचीं दुकानें या दोहों बाजूंना अशीं वांटावयाचीं आहेत कीं, रुळ ओलांडून होणारी ये-जा कमींत कमी व्हावी. सीताबर्डीवरील एका दुकानदाराचे सात व्यवहार आहेत. पैकीं पांच रुळापलीकडच्यांशीं आणि दोन अलीकडच्यांशीं. त्याला इतवारीस नेलें, तर रुळ ओलांडणारे पांच व्यवहार मिटतात, दोन नवे उत्पन्न होतात. निव्वळ लाभ तीनांचा. प्रत्येक दुकानदाराचा असा लाभ किंवा तोटा मांडतां येतो. आतां दोन्ही बाजू सारख्या राहाव्यात म्हणून एक इकडचा आणि एक तिकडचा अशी अदलाबदल करावयाची. दोघांच्या लाभांची बेरीज घ्यावयाची. मात्र त्या दोघांचा परस्परांशींच व्यवहार असला, तर अदलाबदलीनंतरहि तो रुळ ओलांडणारच. तो दोन्ही हिशेबांत लाभ म्हणून धरला गेलेला असतो, म्हणून बेरजेंतून दोन वजा करावे लागतात.

यापुढचें पाऊल या रीतीचें खरें मर्म आहे. लाभ देणाऱ्या अदलाबदली संपल्या कीं साधा माणूस थांबतो. कर्निघन आणि लिन थांबत नाहींत. ते तोट्याच्या अदलाबदलीहि करीत जातात. एकदां हललेल्या दुकानदाराला पुन्हां हात लावीत नाहींत. आणि प्रत्येक पायरीला एकंदर जमाखर्च लिहून ठेवतात. सगळे संपले म्हणजे वही उलट चाळून ज्या पायरीला जमा सर्वांत अधिक होती तेथपर्यंतचे बदल कायम करतात, पुढचे रद्द करतात. लहान टेंकडीवर चढून 'हेंच शिखर' असें मानणाऱ्याची जी फसगत होते, ती या युक्तीनें पुष्कळशी टळते.

१९८२ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील फिदुचिया आणि मॅथेसिस यांनीं या रीतीला वेग दिला. त्यांनीं जोडीऐवजीं एकेक घटक हलविण्यास सुरुवात केली आणि लाभाच्या क्रमानें घटकांचीं ओळीनें खणांत मांडणी केली, म्हणजे सर्वाधिक लाभाचा घटक शोधण्यासाठीं सारें घर धुंडाळावें लागत नाहीं. एक घटक हलला कीं केवळ त्याच्या जोडणीवरच्या घटकांचे खण बदलतात. बाकीचे जागच्या जागीं राहतात. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें दुरुस्तीचा सारा आधार तीवरच आहे : बदलाचा परिणाम जोडणीच्या वाटेनेंच प्रवास करतो, तो एकदम सर्वत्र पसरत नाहीं.

त्यानंतर १९९७ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत जॉर्ज कॅरिपिस, रजत अगरवाल, विपिन कुमार आणि शशी शेखर यांनीं बहुस्तरी रीत पुढें आणली. तींत दाट संबंधाचे घटक एकत्र बांधून एकच घटक मानतात, तशा गांठोड्यांचीं पुन्हां गांठोडीं बांधतात, आणि शेवटीं उरलेल्या थोड्या गांठोड्यांची वांटणी करतात. मग एकेक गांठोडें सोडीत शीव हळूहळू नीट करीत आणतात. आधीं तालुके ठरवावे, मग गांवें, मग शिवारें, तसा हा क्रम आहे.

महाराष्ट्रांत, पवईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें, या प्रश्नाकडे एका निराळ्या बाजूनें पाहिलें गेलें, आणि तें काम आपल्या लोकांना ठाऊक असावयास हवें. तेथील प्राध्यापक एच्. नारायणन् यांनीं १९९१ सालीं विभाजनांच्या मुख्य जालकाचा सिद्धान्त मांडला. त्यामागचा विचार साध्या शब्दांत सांगतां येईल. भाग किती पाडावयाचे हें आधीं ठरवूंच नये. त्याऐवजीं प्रत्येक भागामागें एक बक्षीस ठेवावें, आणि सीमेवरच्या संबंधांचा खर्च वजा घालून जी वांटणी सर्वांत किफायतशीर ठरेल ती घ्यावी. बक्षीस क्षुल्लक असलें तर कोणीच फुटत नाहीं; सारें कुटुंब एकत्र राहतें. बक्षीस वाढवीत गेलें कीं एका विशिष्ट किंमतीला तें फुटतें. आणखी वाढविलें कीं त्या भागांचे पोटभाग होतात. नवल हें कीं, या क्रमांत पुढची वांटणी मागच्या वांटणीला छेद देऊन जात नाहीं. ती तिच्याच पोटांत बसते. शिवाय, एरवीं दुःसाध्य असलेल्या या प्रांतांत हा क्रम अचूकपणें आणि वाजवी वेळांत काढतां येतो. पुढें १९९६ सालीं नारायणन्, एस्. रॉय आणि सचिन पाटकर यांनीं, आणि २००३ सालीं पाटकर व नारायणन् यांनीं, या सिद्धान्ताचा उपयोग प्रत्यक्ष वांटणीच्या कामीं कसा करावा तें दाखविलें. आराखड्यांत नैसर्गिक शिवणी कोठें आहेत, हें हा मार्ग सांगतो. माझ्या मतें त्याचें महत्त्व दुरुस्तीच्या दृष्टीनेंहि आहे. कारण शिवणीवर उसवलेलें कापड पुन्हां शिवतां येतें, मधोमध फाडलेलें येत नाहीं.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. चिपचा आराखडा एकदां काढला आणि कारखान्यांत धाडला, इतकें तें सरळ नसतें. आराखडा जवळजवळ पुरा झाल्यावर बदल येतात. कोठें चूक सांपडते, कोठें निरोप वेळेवर पोंचत नाहीं असें दिसून येतें, कोठें ग्राहकाला आणखी एक सोय हवी असते. अशा वेळीं बदल लहान असतो, पण वेळ थोडा असतो. आणि चूक तशीच पुढें गेली तर काय होतें याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९४ सालीं अमेरिकेंतील लिंचबर्ग येथील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आढळलें कीं, इंटेलची पेंटियम चिप कांहीं विशिष्ट भागाकार चुकीचे करते. चिपमध्यें भागाकारासाठीं एक कोष्टक कोरलेलें होतें, त्यांतील कांहीं नोंदी भरावयाच्या राहून गेल्या होत्या. सुमारें ३१ लाख ट्रान्झिस्टरांच्या त्या चिपमध्यें उणीव तेवढीच. परंतु चिपा घरोघर पोंचल्या होत्या; त्या बदलून देण्यापायीं कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलरांचा भुर्दंड हिशेबांत धरावा लागला. दुरुस्ती लहान असते; ती वेळेवर आणि बाकीचें न बिघडवतां करणें हें मोठें काम असतें.

बदल आल्यावर सारी वांटणी नव्यानें कां करूं नये? संगणक आहे, रीत आहे, पुन्हां चालवावी, असें कोणी म्हणेल. अडचण अशी कीं, मोठ्या आराखड्याला जवळजवळ सारख्याच चांगल्या अशा अगणित वांटण्या असतात. शंभरांत एखादाच घटक बदलला तरी रीत नव्यानें चालविली असतां ती अगदीं वेगळ्या वांटणीवर जाऊन उभी राहते. ती पूर्वीइतकीच चांगली असेल. पण ती पूर्वीची नसते. मग घटकांच्या जागा बदलतात, तारांच्या वाटा बदलतात, प्रत्येक निरोपाच्या वेळेची तपासणी पुन्हां करावी लागते, आणि जें आधीं बरोबर होतें तें आतांहि बरोबर आहे याची खात्री कोणालाच उरत नाहीं. अनेक महिन्यांची मेहनत शंभर घटकांसाठीं पुसली जाते. चिप छापण्यापूर्वीं आराखडा अनेक फेरजुळणीयोग्य चिपांवर पसरून पाहण्याची पद्धति आहे. तेथें एकेका चिपसाठीं आराखडा तयार व्हावयास कित्येक तास लागतात. सोळांपैकीं एकाच चिपमधील भाग बदलला तर काम रात्रींत उरकतें. सोळाहि बदलले तर आठवड्याचें वेळापत्रक कोलमडतें.

विदर्भांतील श्रोत्यांना लहान बदल आणि मोठी मोडतोड यांतला फरक जिल्ह्यांच्या इतिहासावरून चांगला कळेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचनेंत नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे आठ जिल्हे जुन्या मध्यप्रदेशांतून निघून मुंबई राज्यांत आले. तें सर्वस्वीं नवें विभाजन होतें. नागपूरचें राजधानीपद त्यांत गेलें. पुढें १९८२ सालीं चंद्रपुरांतून गडचिरोली, १९९८ सालीं अकोल्यांतून वाशीम आणि १९९९ सालीं भंडाऱ्यांतून गोंदिया हे जिल्हे निघाले, आणि आठांचे अकरा झाले. परंतु या तिन्ही वेळीं एकाच जिल्ह्याच्या पोटांत रेघ ओढली गेली. गोंदिया झाला म्हणून बुलढाण्याचें एकहि दप्तर हललें नाहीं.

याहून बोलकें उदाहरण टपालाचें आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झालेली सहा आंकड्यांची पिनकोड पद्धति श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानें आंखली. संस्कृत कवि म्हणूनहि त्यांची ख्याति आहे. पहिल्या आंकड्यानें देशाचा मोठा विभाग, पुढच्यानें उपविभाग, तिसऱ्यानें छंटाईचा जिल्हा आणि शेवटच्या तिहींनीं टपालकचेरी अशी ती उतरती वांटणी आहे. नागपूरच्या मुख्य टपालकचेरीचा आंकडा ४४०००१. आतां पाहा : गडचिरोली जिल्हा दहा वर्षांनीं निर्माण झाला, तरी वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली हीं तिन्ही ठाणीं ४४२ या एकाच क्रमाखालीं राहिलीं आहेत. २००० सालीं छत्तीसगड हें वेगळें राज्य झालें; तरी रायपूरच्या पत्रावर ४९ नें सुरू होणारा आंकडाच राहिला. कारण ती वांटणी पत्रांच्या वाहतुकीसाठीं होती. राज्याची सीमा बदलली म्हणून आगगाडीची वाट बदलली नाहीं. शिवाय प्रत्येक क्रमांत पुढचे आंकडे मोकळे ठेवलेले होते. शहर वाढलें तसे ते नव्या कचेऱ्यांना देतां आले. चांगल्या वांटणीचे दोन्ही गुण येथें दिसतात : शीव खऱ्या संबंधांवरून धरलेली, आणि पुढच्या वाढीसाठीं राखलेली जागा.

चिपच्या आराखड्यांतहि नेमकें हेंच करतात. प्रत्येक भागांत थोडी जागा रिकामी ठेवतात, आणि कांहीं घटक कोणत्याहि कामाला न जोडतां मुद्दाम पेरून ठेवतात. मागाहून बदल आला तर हे राखीव घटक कामीं येतात. चिप थरांथरांनीं बनते आणि प्रत्येक थराला वेगळा मुखवटा, म्हणजे छपाईचा ठसा, लागतो. राखीव घटक आधींच खालच्या थरांत असल्यामुळें वरच्या धातूच्या थरांतील तारा तेवढ्या बदलून दुरुस्ती होते. खालचे महागडे मुखवटे पुन्हां करावे लागत नाहींत. अद्ययावत् कारखान्यांत मुखवट्यांच्या एका संचाची किंमत अनेक कोटि रुपये असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या काटकसरीचें मोल कळेल.

प्रत्यक्ष दुरुस्तीची रीत अशी. चाऊ-वेई ऊ आणि संजय रांका यांनीं १९९७ सालीं, अनेक संगणकांवर काम वांटण्याच्या संदर्भांत, वाढत्या आराखड्याच्या वांटणीचा जो क्रम मांडला तो उदाहरण म्हणून घेऊं. प्रथम नवा घटक ज्या भागाशीं अधिक जवळचा असेल त्या भागांत बसवितात. मग प्रत्येक भागांत शीवेपासून कोणता घटक किती आंत आहे आणि कोणत्या शेजाऱ्याला जवळ आहे, याचे थर पाडतात. नंतर एक रेषीय हिशेब मांडून कोणत्या भागानें कोणत्या शेजाऱ्याला किती घटक द्यावे म्हणजे एकंदर हलवाहलव कमींत कमी होऊन भाग सारखे होतील, हें काढतात. शेवटीं शीवेवरच फिरून आरपार जाणाऱ्या जोडण्या कमी करतात.

आंकडे घेऊन पाहूं. समजा, एक लाख घटकांचे दहा भाग आहेत, आणि कोणत्याहि भागांत १०,५०० हून अधिक घटक मावत नाहींत. बदलामुळें ४०० नवे घटक आले, आणि त्यांचा संबंध मुख्यतः तिसऱ्या भागाशीं आहे. तेथें आधींच १०,३०० आहेत. ते बसविले कीं २०० अधिक होतात. चौथा भाग जवळपास भरलेला आहे. दुसऱ्यांत १०,२०० आहेत, म्हणजे ३०० ची सोय आहे. तेव्हां तिसऱ्यांतील, दुसऱ्याच्या शीवेजवळचे, ज्यांना हलविण्यांत तोटा सर्वांत कमी असे २०० घटक दुसऱ्यांत ढकलले कीं काम झालें. चारशें नवे बसले, दोनशें जुने हलले, आठ भागांना स्पर्शहि झाला नाहीं. दुसरा भागहि भरलेला असता, तर त्यानें पहिल्याकडे ढकलावें. वाफ्यांतून वाफ्यांत पाणी चढतें तसा हा ओघ जातो.

शीव नीट करण्याच्या शेवटच्या पायरींत फिदुचिया-मॅथेसिस रीतच वापरतात. मात्र आंतले बहुतेक घटक खिळे ठोकल्यासारखे स्थिर ठेवून. येथें एक सुखद शोध लागला आहे. कॅल्डवेल, कांग आणि मार्कोव्ह यांनीं असें दाखविलें कीं, पुष्कळसे घटक स्थिर असले तर वांटणीचा प्रश्न सोपा होतो. चांगलें उत्तर मिळविण्यासाठीं रीत पुन्हां पुन्हां चालवावी लागत नाहीं. बांधलेपणाचा असाहि लाभ असतो.

तथापि प्रत्येक वेळीं दुरुस्तीच करीत राहावें काय? नाहीं. ठिगळावर ठिगळ लावीत गेलें कीं एक दिवस मूळ धोतर दिसेनासें होतें. प्रत्येक दुरुस्तीला आरपार जोडण्या थोड्या वाढतात; एका वेळीं ती वाढ नजरेंत भरत नाहीं, पण ती सांचते. म्हणून जाणते लोक दोन्ही खर्च एकाच तराजूंत घालतात. समजा, नव्यानें वांटणी केली तर ९४० जोडण्या आरपार जातात, पण ६०,००० घटक हलतात. दुरुस्ती केली तर ९६५ जातात आणि २०० घटक हलतात. आराखडा शेवटच्या टप्प्यांत आहे. शंभर घटक हलणें म्हणजे एक जास्त जोडणी, असा भाव धरला. मग नव्या वांटणीचा खर्च ९४० आणि ६०० मिळून १,५४०. दुरुस्तीचा ९६५ आणि २ मिळून ९६७. निवाडा स्पष्ट आहे. परंतु हाच बदल आराखड्याच्या आरंभीं आला असता, जेव्हां कांहींच पक्कें झालेलें नव्हतें, तर दहा हजार घटक हलले तरी एकाच जोडणीइतकें दुःख झालें असतें. मग नव्या वांटणीचा खर्च ९४६ आणि दुरुस्तीचा किंचित् ९६५ च्या वर. निवाडा उलट फिरतो.

वांटणीच्या रीति संगणक चालवितो; परंतु हा भाव कोणी ठरवावयाचा? तो गणितांतून निघत नाहीं. किती काम पक्कें झालें आहे, किती दिवस उरले आहेत, चूक राहिली तर कोणाचें किती नुकसान होईल, हें जाणणाऱ्या माणसानेंच तो ठरवावा लागतो, आणि तो दर पंधरवड्याला बदलतो. भाव चुकला तर उत्तम रीतहि चुकीचें उत्तर देते. फार भारी धरला तर आराखडा जुन्या ठिगळांनीं जड होतो. फार हलका धरला तर रोज घर मोडतें. यावर एक व्यवहार्य तोड अशी कीं, चालू आराखडा दुरुस्तीनें पुढें न्यावा, आणि बाजूला, कोणाला त्रास न देतां, अधूनमधून नवी वांटणी नुसती करून पाहावी. दोहोंमधील अंतर लहान असेल तर निश्चिंत राहावें. तें वाढतच चाललें तर मोडून बांधण्याचा दिवस आधींच ठरवावा, अडचणीच्या वेळची वाट पाहूं नये.

आपल्या नागपुरांतील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेंत चिपच्या आराखड्याचें उच्च शिक्षण दिलें जातें, आणि या भागांतील अनेक मुलेंमुली तोच व्यवसाय पत्करतात. त्यांच्या घरच्यांना पुष्कळदां प्रश्न पडतो कीं, रात्ररात्र जागून हीं मुलें करतात तरी काय. यापुढें असा प्रश्न पडला तर त्यांना इतकेंच विचारावें : आज नवें बांधीत आहां कीं जुनें राखीत आहां? शेवटच्या महिन्यांत बहुतेकांचें उत्तर 'राखीत आहों' असेंच येईल. त्या उत्तरांत कमीपणा मुळींच नाहीं. नऊ लाख नव्याण्णव हजार गोष्टी जागच्या जागीं ठेवून एक हजार गोष्टी नेमक्या बदलणें, आणि कोठवर राखावें व कोठें मोडावें हें ओळखणें, यालाच त्या विद्येंत अनुभव म्हणतात.